सतरा नंबरची शेवटची ओळ

१३ ऑक्टोबर, सोमवार

ही वही कामाची. एका सिनेमाची सबटायटलं करायला नक्की किती दिवस लागतात, असं गेल्या वर्षी संचालकांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. 'होतं हळूहळू,' म्हटलं. एका जबाबदार बाईचं हे काही उत्तर नव्हे. म्हणून या वर्षी रोज नोंद ठेवायची.

महोत्सवात एकूण चौतीस सिनेमे. ऑफिसात कोणी सिनेमाचं नाव घेत नाही, कॅटलॉगमधला नंबर घेतात. माझ्याकडे चार, नऊ, सतरा आणि तीस. चारही एकाच परदेशी भाषेतले. ती भाषा येणारी इथे मी एकटी. ती बोलतात त्या देशात नऊ वर्षं संसार केला, त्यातून हाती उरलं ते भाषा आणि लेक. लेकीचे वडील तिकडेच राहिले. ते या वहीत यायचं कारण नाही.

लेक फेब्रुवारीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिथून तिला जवळ पडतं. त्यामुळे मला कामाला मोकळं घर मिळालं आहे. तिच्या खोलीत आता माझं टेबल आहे. उजेड छान येतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सतरा नंबर आज पहिल्यांदा सलग पाहिला. चौऱ्याण्णव मिनिटं. दिग्दर्शिका सत्तरीला आलेली, तीस वर्षांत हा तिसरा सिनेमा. गोष्ट म्हटली तर दोन ओळींची. आई घरी बसून कारखान्यातल्या कामगारांचे गणवेश शिवते. मुलगी त्याच कारखान्यात होड्यांना रंग द्यायला जाते. एक दिवस ती दुसऱ्या गावी काम धरते आणि निघून जाते. संपलं.

पण घर असं दाखवलं आहे की नंतर मला त्या स्वयंपाकघरातल्या वस्तू न चुकता सांगता आल्या. आई कायम पाठमोरी, मशीनवर. मुलगी बोलते ती त्या पाठीशी. मधे एकदा आई सुईत दोरा ओवायला वळते तेव्हा तिचा चेहरा दिसतो, आणि आपण चाळीस मिनिटं याच चेहऱ्यासाठी थांबलो होतो हे तेव्हा कळतं.

शेवटची चार मिनिटं जवळजवळ बिनबोलाची. माझ्यासाठी सोपं काम.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सतरा नंबर : सबटायटल १ ते २३०. बरं चाललं आहे.

एका ओळीत छत्तीसपेक्षा जास्त अक्षरं नकोत, दोनपेक्षा जास्त ओळी नकोत, आणि वाचणाऱ्याला चित्र बघायलाही वेळ उरला पाहिजे. लोक म्हणतात भाषांतर. खरं तर हे काटछाटीचं काम आहे. माणूस दहा शब्द बोलतो, त्यातले चार ठेवायचे आणि सहा गेल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही.

लेकीचा फोन नाही. शनिवार आहे, झोपली असेल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

घोळ झाला. निर्मात्यांनी पाठवलेली संवादांची यादी एक्केचाळीसाव्या पानावर संपते. तळाशी 'एकूण पाने ४३' असं छापलं आहे. शेवटची दोन पानं स्कॅन करायची राहून गेली असणार. तीन मेल टाकले. उत्तर नाही.

त्या दोन पानांत फार काही नसणारच. शेवटच्या चार मिनिटांत एकच वाक्य आहे. मुलगी बॅग उचलते, दरवाजाशी थांबते. आई शिवतच असते. मशीनचा आवाज चालू, आणि त्या आवाजात, मान न वळवता, आई काहीतरी म्हणते. चार शब्द. मग मुलगी जाते आणि आपण आईची पाठ बघत राहतो.

दुपारभर ते चार शब्द ऐकले. त्या भाषेत कोण, कुणाला, हे क्रियापदावरून कळत नाही, ते समजून घ्यायचं असतं. पहिला शब्द 'ओढ'. आपल्यासारखंच आहे, दोरीची ओढ आणि जिवाची ओढ यांना एकच शब्द. शेवटचे दोन, मिटण्याचा शब्द आणि नकार. मधे 'आपोआप'.

२२ ऑक्टोबर, बुधवार

झालं. सकाळी चहा घेताना एकदम सुचलं.

"ओढ लागते. आपोआप मिटत नाही."

सगळा सिनेमा जी बाई एक शब्द मोकळेपणानं बोलली नाही, ती शेवटी एवढंच बोलते. तेही मान न वळवता. म्हणून दिग्दर्शिका मोठी.

एकदा वाटलं लेकीला ऐकवावं. ती तिकडे शाळेत गेलेली, वय चार ते तेरा. माझ्यापेक्षा तिचा कान पक्का, हे मान्य करायला हवं. पण एका वाक्यासाठी कशाला त्रास. आणि तिलाही वाटायचं की आईनं फोन करायला निमित्त शोधलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सतरा नंबर पूर्ण. सहाशे अकरा सबटायटलं, दहा दिवस. निर्मात्यांचं उत्तर अजून नाही. संचालक म्हणाले, "तुम्ही केलंय ना, मग झालं. तपासणार तरी कोण?"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

महोत्सव आज सुरू. मधले दिवस तीस नंबरमध्ये गेले. त्यात सगळी पात्रं एकाच वेळी बोलतात. नाकीनऊ आले.

दिग्दर्शिकाबाई दुपारी पोहोचल्या. त्यांच्या दुभाषाचं कामही माझ्याकडेच. बुटक्या, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले, पायात चालायचे बूट. हॉटेलच्या खोलीत गेल्यावर पहिल्यांदा खिडकी उघडते का ते पाहिलं. मग म्हणाल्या, "तू माझ्या सिनेमाची भाषांतरकार. तुला सगळ्यात अवघड काय गेलं?"

मी म्हटलं, "शेवटचं वाक्य."

त्यांना नवल वाटलं. "ते? ते तर सगळ्यात सोपं आहे."

मोठ्या माणसांना आपलं अवघड सोपंच वाटतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अकराचा खेळ. सभागृह भरलेलं, काही जण पायऱ्यांवर. मी शेवटच्या रांगेत. शेवटचं वाक्य पडद्यावर आलं तेव्हा माझ्या पुढच्या दोन बायकांनी एकाच वेळी पर्समध्ये हात घातला. एक दाढीवाले गृहस्थ उघड रडत होते. वीस वर्षं मी हे काम करते, पण सबटायटल आल्याबरोबर सभागृहानं श्वास धरलेला कधी ऐकला नव्हता.

मग प्रश्नोत्तरं. पहिला माईक अर्थात आमच्या समीक्षकांनी घेतला. त्यांना सगळे 'परिच्छेद' म्हणतात, कारण ते वाक्यात बोलत नाहीत, परिच्छेदात बोलतात. माणूस मात्र खरा सिनेमावेडा. बाईंचे आधीचे दोन्ही सिनेमे पाहिलेला इथला तो एकटाच.

परिच्छेद दोन मिनिटं बोलले. त्याचं सार असं, की शेवटी आई जे वाक्य बोलते ते तुम्हाला कुठून सुचलं? मी बाईंना तेवढंच विचारलं : ते शेवटचं वाक्य कुठून सुचलं?

बाई म्हणाल्या, "सुचलं कसलं! ते घर माझ्या मावशीचं. समुद्राच्या हवेनं लाकूड फुगतं, दार काही केल्या मिटत नाही. मावशी प्रत्येक जाणाऱ्याला तेच सांगायची."

मी माईकवर सांगितलं, "ते घर माझ्या मावशीचं. त्या घराचं दार कधी मिटलंच नाही. जाणाऱ्या प्रत्येकाला मावशी हेच सांगायची."

टाळ्या. लोक उभे राहिले. बाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "एका दारासाठी एवढ्या टाळ्या?"

मी म्हटलं, "इथले प्रेक्षक हळवे आहेत."

क्षणभर काहीतरी खटकलं, पण तोवर माईक पुढच्या माणसाकडे गेला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

महोत्सवाच्या आजच्या पत्रिकेत परिच्छेदांचं दीड पान आलं आहे. मथळाच 'आपोआप मिटत नाही'. त्यात लिहिलं आहे, 'या पाच शब्दांसाठी दिग्दर्शिकेनं नव्वद मिनिटं मौन राखलं. जागतिक सिनेमात आईचं प्रेम इतक्या कमी अक्षरांत क्वचितच उच्चारलं गेलं असेल.' संचालकांनी कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या हाताला यश आहे." आणि हळू आवाजात, "परीक्षक पटकथेसाठी खास उल्लेख देणार आहेत. मसुद्यात हेच वाक्य घेतलंय."

दुपारी एक वाजता लेकीचा मेसेज : "काल सतरा नंबर पाहिला. शेवटची ओळ चुकली आहे. फोन करू?"

म्हणजे ती काल सभागृहात होती. मला कळवलंही नाही.

मी लिहिलं, "आत्ता कामात आहे. उद्या."

कामात नव्हते.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी तिचा फोन आला. जसं बोललो तसं लिहून ठेवते.

"आई, ती दाराबद्दल बोलते आहे."

"कोण?"

"ती शिवणारी. 'ओढून घे. आपोआप लागत नाही.' दार ओढून घे म्हणते आहे गं. अख्ख्या सिनेमात ते दार उघडंच राहतं. मुलगी दोनदा खांद्यानं ढकलते, बघितलं नाहीस?"

मी म्हटलं की त्या शब्दाचे दोन अर्थ होतात.

"होतात. पण जिवाची ओढ म्हणायची असेल तर शेवटी हेल वर जातो. तिचा खाली आहे. ऑर्डर देतात तसा. आमच्या शाळेत बाई फळा पुसायला सांगताना अशाच बोलायच्या."

मग ती म्हणाली, "तू कशी काय चुकलीस?"

"मशीनचा आवाज होता. यादीची पानं नव्हती."

"मी निघाले त्या दिवशी तू हेडफोन लावून बसली होतीस."

"काम होतं."

"स्क्रीनवरचं चित्र थांबलेलं होतं, आई. मी बॅगा खाली नेऊन तीनदा वर आले. तिन्ही वेळा तेच चित्र. एक माणूस टोपी काढत होता."

मी म्हटलं, "ओळींच्या वेळा, टाइमकोड बघत होते."

"बरं," ती म्हणाली. "मला फक्त एवढंच सांगायचं होतं की मी परवा ते वाक्य वाचलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. चुकलेलं आहे हे नंतर लक्षात आलं."

तिनं फोन ठेवल्यावर मी शेवटची चार मिनिटं लावली. हेल खाली आहे. स्वच्छ ऐकू येतो. मी त्या दिवशी हे पन्नास वेळा ऐकलं होतं. इतकी ढोबळ चूक कशी झाली ते खरंच समजत नाही. कान तपासून घ्यायला हवेत.

आणि फेब्रुवारीतल्या त्या दिवशी मी टाइमकोड बघत होते की आणखी काय, ते आता आठवत नाही.

१० नोव्हेंबर, दुपार

आता काय? हा प्रश्न मांडून बघते.

गप्प बसले तर काय होईल? सिनेमाला पटकथेचा उल्लेख मिळेल. लोक खूश, बाई खूश, संचालक खूश. ही भाषा इथे दोघींनाच येते. लेक कुणाला सांगणार नाही. सिनेमा चांगलाच आहे, तो काही माझ्या ओळीमुळे चांगला झालेला नाही.

बोलले तर? उल्लेख जाईल. परिच्छेद तोंडघशी पडतील. माझ्यावर पुन्हा काम सोपवताना लोक दोनदा विचार करतील. आणि सगळ्यांत वाईट, बाईंना तोंड दाखवावं लागेल.

असं मांडलं की गप्प बसणं सरळ दिसतं. पण बाईंनी विचारलं होतं, एका दारासाठी एवढ्या टाळ्या? आणि मी त्यांनाच प्रेक्षकांबद्दल समजावलं. ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नऊला हॉटेलात गेले. बाई न्याहारी करत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मी काय लिहिलं ते त्यांच्या भाषेत परत करून दाखवलं, माईकवर काय बोलले तेही.

आधी त्या हसल्या. मोठ्यानं, शेजारच्या टेबलावरचे वळून बघतील इतक्या. मग हसू गेलं.

"बस," म्हणाल्या. मी बसले.

"माझी बाई असं कधीच म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "तिला असं म्हणता आलं असतं, तर मला सिनेमा काढायची गरजच नव्हती. तू तिच्या तोंडात ते घातलंस आणि लोकांची सुटका केलीस. लोकांनी रडून घेतलं आणि मोकळे झाले. मला ते मोकळे व्हायला नको होते."

मी म्हटलं, माझी चूक झाली, मला नीट ऐकू आलं नाही.

त्या म्हणाल्या, "उलट आहे. तुला जास्त ऐकू येतं. तुला मुलं आहेत?"

"एक मुलगी. तिनंच चूक काढली."

"कुठे असते?"

"वेगळी राहते. तिच्या ऑफिसला तिथून जवळ पडतं."

बाईंनी पावाला लोणी लावलं. "हं," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्या दुसरा खेळ आहे. त्यात बरोबर ओळ हवी. परीक्षकांना तू सांग, मी नाही. आणि एक सांगते, तो उल्लेख मला आवडला असता. खोटं कशाला बोलू."

दिलासा देतील असं वाटलं होतं का मला? वाटलं होतं बहुतेक.

तिथून संचालकांकडे. त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "महोत्सव संपल्यावर नसतं का सांगता आलं? कुणाला कळणार होतं?"

"तिघींना," मी म्हटलं.

त्यांनी उसासा टाकला आणि परीक्षकांना फोन लावला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

परिच्छेदांना चहाच्या टेबलापाशी गाठलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी तुमच्या वाक्यावर दीड पान लिहिलं?"

"हो."

"मग वाक्य चांगलं आहे हो!"

"चांगलं आहे. पण त्यांचं नाही."

परिच्छेद न बोलता ते एवढंच म्हणाले, "मी उद्या परत बघतो."

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी चारचा खेळ. प्रोजेक्शनवाल्या काकांकडे सकाळीच नवी फाइल दिली. त्यांनी विचारलं, "ताई, एवढं काय बदललं?" म्हटलं, एकच ओळ. "मग इतकी का घाबरलीस?" म्हणाले.

खेळाआधी संचालकांनी मंचावर जाऊन सांगितलं, की पहिल्या खेळात भाषांतराची एक गंभीर चूक होती आणि ती दुरुस्त केली आहे. माझं नाव घेतलं नाही. पण मी दाराशी उभी होते आणि निम्म्या लोकांनी मागे वळून पाहिलं.

लेक आली होती. अर्धी रजा टाकून. शेवटच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे बसली. तिनं केस कापले आहेत. कधी कापले, माहीत नाही.

शेवटचा प्रसंग. मशीनचा आवाज. "ओढून घे. आपोआप लागत नाही." एक जण फिसकन हसला. बाकी काहीच नाही. कोणी पर्स उघडली नाही. पडद्यावर पाठ, पाठ, पाठ. मुलगी दार ओढते, ते बसत नाही, पुन्हा ओढते, मग बसतं. हे दुसऱ्यांदा ओढणं मी आजवर पाहिलंच नव्हतं. सहाशे अकरा सबटायटलं करून पाहिलं नव्हतं. शेवटी माझी नजर कायम ओळीवर.

आईची पाठ दिसत राहते, आणि मग मशीन थांबतं. बस. नावं येतात.

लोक उठायला लागले, पण सावकाश, जिना अंधारात उतरताना उतरतात तसे. दाढीवाले गृहस्थ आजही आले होते. ते रडले नाहीत. बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले आणि कुणाला तरी फोन लावला. कोणी उचलला नाही बहुतेक. परत लावला.

लेक म्हणाली, "हे जास्त वाईट आहे."

"चुकीचं?"

"नाही गं. वाईट म्हणजे... जाऊ दे. बरोबर आहे."

मग ती बाईंना भेटली. दोघी त्या भाषेत इतक्या भरभर बोलल्या की मला मधेमधे निसटलं. माझं नाव दोनदा आलं. काय बोललात विचारलं, तर लेक म्हणाली, "तुझी तक्रार करत होतो."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

समारोप झाला. सतरा नंबरला काही नाही. पटकथेचा उल्लेख बावीस नंबरला गेला. बाई टाळ्या वाजवत होत्या, मी शेजारी बसून चपलांकडे बघत होते.

परिच्छेदांनी शेवटच्या पत्रिकेत चारच ओळी लिहिल्या आहेत. 'माझा रविवारचा लेख रद्द समजावा. मी एका सुंदर वाक्याच्या प्रेमात पडलो आणि समोरची बाई बघायची विसरलो. ती दार ओढायला सांगते. यापेक्षा जास्त ती देऊ शकत नाही, आणि मुलीला ते पुरत नाही. हा सिनेमा मी आधी पाहिला नव्हता.' इतकं चांगलं त्यांनी कधी लिहिल्याचं मला आठवत नाही. तसं सांगितलं तर लाजले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाईंना विमानतळावर सोडलं. निरोप घेताना म्हणाल्या, "माझे पहिले दोन सिनेमे तुमच्या भाषेत नाहीत. दोन्ही तू कर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं.

"तू आणि मुलगी, दोघी मिळून. एकटीला देणार नाही."

मी म्हटलं, तिला वेळ नसतो, नोकरी आहे, ती लांब राहते.

"हे तिनं सांगितलंय की तूच सांगते आहेस?" असं विचारून त्या उत्तराला न थांबता आत गेल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लेकीला अजून विचारलं नाही. तीन वेळा मेसेज लिहून खोडला. पहिला फार लांब झाला, दुसरा ऑफिसच्या पत्रासारखा. तिसऱ्यात मी तिला कामाचा अनुभव मिळेल असं लिहिलं होतं. वाचून माझं मलाच हसू आलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फोनच केला. बाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं.

"तुला चालेल का मी?" तिनं विचारलं. "मी चुका काढेन."

"त्यासाठीच तर."

"रविवारी येते. पण तुझं टेबल माझ्या खोलीत आहे ना, तिथे दोन खुर्च्या मावतील?"

तिला टेबलाचं कुठून कळलं, कोण जाणे. मी सांगितल्याचं आठवत नाही. बाईंना बोलले होते बहुतेक.

संध्याकाळी टेबल बाहेरच्या खोलीत ओढत नेलं. उजेड कमी आहे, पण चालेल. तिच्या पलंगावर कपड्यांचा ढीग होता, तो आवरला.

३० नोव्हेंबर, रविवार

दुसरा रविवार. सकाळी दहा ते दुपारी चार. बाईंचा पहिला सिनेमा, सबटायटल १ ते १८४. गेल्या रविवारी जेमतेम साठ झाली होती, कारण आम्ही दुसऱ्याच ओळीवर भांडलो. आज सात ठिकाणी मतभेद. पाच ठिकाणी ती बरोबर निघाली, दोन ठिकाणी मी. तिला शब्द माझ्याआधी ऐकू येतात, पण तिच्या ओळी फार लांब होतात. काटछाट मला करावी लागते. मी कापायला लागले की ती "अगं, थांब ना, ते महत्त्वाचं आहे!" म्हणून माऊस धरते.

एका ठिकाणी दोघींनी हात टेकले. एक म्हातारा बाकावर बसून काहीतरी पुटपुटतो. मला वाटलं तो कुणाचं तरी नाव घेतो आहे. ती म्हणाली, काहीच कळत नाही. अकरा वेळा लावून ऐकलं. शेवटी मी लिहिलं 'अस्पष्ट' आणि पुढे गेलो.

निघताना ती दाराशी वाकून बूट घालत होती. मी भांडी विसळत होते. पुढच्या रविवारी किती वाजता, असं विचारायला नळ बंद करून बाहेर आले आणि विचारलं वेगळंच. विचारलं नाही, बोलले. "तू गेल्यापासून मला करमत नाही."

तिच्या एका पायात बूट होता. दुसरा हातात. तो घालायला तिनं बराच वेळ लावला, नाडी सोडली, परत बांधली.

"मलाही," ती म्हणाली. मग उभी राहिली, बॅग खांद्यावर अडकवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं परत बघ. मला वाटतं तो नुसता खोकला."

ती गेल्यावर हात पुसले आणि लावून ऐकलं. खोकलाच आहे. 'अस्पष्ट' खोडलं.